लग्नाचा सीझन, दोन डी७५० आणि बाहेरचा माणूस : ठाण्यातल्या एका फोटो स्टुडिओचं प्रकरण

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत बाप-लेकाचा एक फोटो स्टुडिओ आहे. एरवी दिवसभर पासपोर्ट फोटो, जुन्या फोटोंच्या कॉप्या, लॅमिनेशन. पोट भरतं ते लग्नांवर. २०२१ च्या दिवाळीत त्यांच्याकडे निकॉनच्या डी७५० या डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) होत्या. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होणार होते, आणि त्यातल्या एका बॉडीचा शटर काउंट दीड लाखाच्या पुढे गेला होता. या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे असं कंपनी सांगते. त्यापुढे ते आणखी दोन वर्षं चालेल, किंवा ऐन मंगलाष्टकात बसेल. एक बॉडी बदलायची यावर घरात एकमत होतं. बदलून काय घ्यायचं यावर नव्हतं.

वडिलांचं म्हणणं, डीएसएलआरच घ्यायचा, कारण लेन्स आहेत, हात बसलाय आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं अल्बम परत आणलेला नाही. मुलाचं म्हणणं, आता डीएसएलआरमध्ये पैसे घालणं म्हणजे ते बुडवणं, घ्यायचा तर बिनआरशाचा मिररलेस. मी त्यांचे जीएसटीचे आणि आयकराचे कागद बघतो, त्यामुळे दोघांनीही आपापली बाजू माझ्याकडे मांडली, आणि दोघांनाही मी आपल्याच बाजूचा वाटलो. त्यांच्या परवानगीनं लिहितोय, स्टुडिओचं नाव मात्र देत नाही. किमती म्हणून जे आकडे येतील ते कंपन्यांचे भारतातले त्या-त्या वेळचे जाहीर भाव आहेत.

बाजारात काय झालं होतं

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडतो आणि वरच्या प्रिझममधून डोळ्याकडे जातो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि मागचं शटर उघडतं. त्या मोठ्या आरशामागे एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली, फोकस मोजणाऱ्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो. मिररलेसमध्ये हे दोन्ही आरसे नसतात. फोकस मुख्य सेन्सरच मोजतो आणि डोळ्यासमोर असतो एक बारीक इलेक्ट्रॉनिक पडदा. आरशाची जागा मोकळी झाल्यामुळे लेन्स सेन्सरच्या बरीच जवळ आणता येते. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते तो जोड) हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, नव्या झेड माउंटमध्ये १६. म्हणून मध्ये अॅडॉप्टर लावून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चढते, नवी लेन्स मात्र जुन्या बॉडीवर चढत नाही. ही वाट एकाच दिशेनं जाते, आणि पुढे या प्रकरणात तीच नडली.

पहिला मिररलेस पॅनासोनिकनं २००८ मध्ये आणला, तो जी१. त्याच वर्षी निकॉनचा डी९० आणि कॅननचा ५डी मार्क टू आले आणि डीएसएलआरमधून व्हिडिओ निघू लागला, त्यामुळे जी१ कडे लग्नवाल्यांपैकी कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सोनीनं २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा घेतला होता, पण डीएसएलआरमध्ये कॅनन-निकॉनपुढे तिची डाळ शिजेना. मग तिनं २०१३ मध्ये फुल फ्रेम, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा, मिररलेस ए७ काढला. तिच्याकडे सांभाळण्यासारखं फार काही नव्हतं. कॅनन-निकॉनकडे होतं, आणि माझ्या मते त्यांचा हात तिथेच आखडला. निकॉननं २०११ मध्ये ‘निकॉन १’ काढला तो एक इंचाच्या सेन्सरचा, कॅननचा २०१२ चा ईओएस एम हौशी लोकांसाठी. स्वतःच्या महागड्या डीएसएलआरला धक्का लागणार नाही इतपतच मिररलेस करायचे, असा हा प्रकार. दोघांचे फुल फ्रेम मिररलेस यायला २०१८ चा ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला. निकॉनचे झेड६ आणि झेड७, कॅननचा ईओएस आर. तोवर सोनीचा ए७ थ्री त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जाहीर होऊन भारतात १,६४,९९० रुपयांना विकला जात होता. झेड६ ची बॉडी १,५६,४५० ला आली. म्हणजे पैशात फरक नव्हता. फरक पाच वर्षांच्या लेन्सचा होता.

मुलगा मला सारखा सांगायचा, ‘मिररलेसनं डीएसएलआरला खाल्लं.’ जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना सिपा दरवर्षी आकडे देते, ते जरा वेगळं सांगतात. २०१२ मध्ये डीएसएलआर गेले सुमारे १ कोटी ६२ लाख आणि मिररलेस सुमारे ४० लाख. २०२० मध्ये पहिल्यांदा पारडं फिरलं, तेव्हा डीएसएलआर सुमारे २४ लाख आणि मिररलेस सुमारे २९ लाख. २०२३ मध्ये मिररलेस ४८ लाखांच्या आसपास, डीएसएलआर १२ लाखांच्या आत. अकरा वर्षांत मिररलेसची भर आठेक लाखांची, आणि डीएसएलआरची घट दीड कोटींची. मधले सव्वा-दीड कोटी कॅमेरे मिररलेसकडे गेलेच नाहीत, त्यांच्या जागी मोबाइल आला. कंपन्यांना हे दिसत होतं. हौशी गिऱ्हाईक गेलं, उरला तो धंदेवाईक आणि पैसेवाला छंदिष्ट, आणि त्यांच्यासाठी दोन-दोन माउंटच्या लेन्स बनवणं परवडेना. डीएसएलआरचं संशोधन थांबण्यामागचं कारण माझ्या मते मुख्यतः हे आहे. आरसा वाईट असल्यामुळे तो गेलेला नाही.

२०२१ च्या दिवाळीत यातलं बरंच अजून घडायचं होतं. पण दुकानातल्या काचेमागे काय मांडलंय ते दिसत होतं.

अंतरपाट दूर होतो तेव्हा

वडिलांच्या बाजूनं खरं तर भक्कम मुद्दे होते. स्टेजवरचे ग्रुप फोटो, आहेर, पंगती, नवरानवरीचे उभे फोटो यांना फ्लॅश असतो, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ इतकं लहान असतं म्हणून मागचं-पुढचं सगळं स्पष्ट येतं, माणसं हलत नाहीत. तिथे डी७५० आणि कुठलाही नवा कॅमेरा यांचे फोटो अल्बममध्ये शेजारी लावले तर कोणाला ओळखू येणार नाहीत. बॅटरीत तर डीएसएलआर पुढेच आहे. सिपाच्या मोजणीनं डी७५० एका चार्जिंगवर १,२३० फोटो देतो, व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर ए७ थ्री ६१० आणि झेड६ टू ३४०. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत उभ्या असलेल्या माणसाला हा फरक खिशात जाणवतो.

मुलानं वाद घातला नाही. त्यानं एकाच लग्नाच्या फोल्डरमधले शंभरेक फोटो संगणकावर लावले, अंतरपाट दूर होण्याच्या त्या काही सेकंदांतले.

हा क्षण मराठी लग्नातला सगळ्यात अवघड. भटजी अंतरपाट धरून उभे, दोन्ही बाजूंना मामा-मामी, मागून अक्षतांचा मारा, आणि ‘सावधान’ म्हणताच कापड बाजूला होतं, माना वर होतात, हार पुढे येतात. कॅन्डिड, म्हणजे पोझ न देता टिपलेले फोटो, काढणारा ८५ एमएम लेन्स एफ १.८ किंवा २ वर, म्हणजे जवळपास पूर्ण उघडी, ठेवून तिरका उभा असतो, कारण समोर जागाच नसते. नवरीचा डोळा फ्रेमच्या कडेला. डी७५० मध्ये फोकसचे ५१ पॉइंट आहेत, पण ते सगळे फ्रेमच्या मधल्या भागात गोळा झालेले. त्यामुळे मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस धरायचा आणि कॅमेरा थोडा वळवून फ्रेम लावायची, ही वडिलांची वर्षानुवर्षांची सवय. एवढ्या उघड्या अॅपर्चरला त्या वळवण्यात फोकस डोळ्यावरून कानावर जातो. कान आणि कानातली कुडी लख्ख, डोळा मऊ. फोल्डरमधले बरेचसे असेच होते. तशी एक-दोन फ्रेम बरोबर यायचीच आणि अल्बमला तेवढी पुरायची.

ए७ थ्रीमध्ये ६९३ पॉइंट फ्रेमचा सुमारे ९३ टक्के भाग व्यापतात आणि डोळा ओळखून फोकस धरतात. त्याच दिवशी रोजावर बाहेरून आलेल्या एका पोराचे, ए७ थ्रीवर काढलेले त्याच क्षणाचे फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये होते. त्यातही चुकलेले होते. मुंडावळ्या डोळ्यावर आल्या की कॅमेरा मोत्यांवर फोकस धरत होता. पण कडेला असलेला डोळा त्यानं दहात सात वेळा तरी पकडला होता. वडील बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘अरे, पण मी हे इतकी वर्षं काढतोयच की.’ खरंच होतं. मुलाचा मुद्दा असा, की हे काढायला चाळीस वर्षांचा हात लागत होता आणि आता दोन वर्षं काम केलेला मुलगाही काढतोय, तर आपण जास्त पैसे कशाचे मागायचे?

मला हा मुद्दा कॅमेऱ्यापेक्षा मोठा वाटतो, पण तो स्टुडिओत कोणाला चर्चायचा नव्हता. तूर्त बॉडी घ्यायची होती.

व्हिडिओ

यावर फार बोलायला नको. व्हिडिओ सुरू केला की डीएसएलआरचा आरसा वर जाऊन तिथेच राहतो. व्ह्यूफाइंडर काळा पडतो, खालचा फोकस सेन्सर आंधळा होतो, आणि डी७५० मध्ये मग कॅमेरा मागेपुढे चाचपत फोकस शोधतो. म्हणजे व्हिडिओपुरता प्रत्येक डीएसएलआर हा आरसा वाहणारा मिररलेसच. कॅननच्या काही डीएसएलआरमध्ये २०१३ च्या ७०डी पासून सेन्सरवरचा फोकस चांगला होता, पण या स्टुडिओत कॅनन नव्हता. सिनेमॅटिकची, म्हणजे सिनेमासारख्या लग्नाच्या व्हिडिओची, मागणी २०१७-१८ पासून वाढत गेली, गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांडीवर) कॅमेरा चढला, आणि गिंबलवर हातानं फोकस फिरवत नवरीमागे चालणं जमत नाही. सिनेमॅटिकची ऑर्डर आली की स्टुडिओ बाहेरचा माणूस बोलवायचा. २०२१ पर्यंत जवळपास प्रत्येक ऑर्डर सिनेमॅटिकसकटच येत होती.

बाहेरचा माणूस

आता मुख्य गोष्ट. लग्नाच्या धंद्यात ज्याला ‘माणूस पाठवणं’ म्हणतात, त्यावर सगळं चालतं. चांगल्या मुहूर्ताला एका स्टुडिओकडे दोन-तीन लग्नं असतात आणि घरचे हात दोन. बाकीचे रोजावर येतात. कोणी कळव्याहून, कोणी डोंबिवलीहून, कोणी ऐरोलीहून. ते स्वतःची बॉडी आणतात, कमी पडलं तर भाड्यानं उचलतात. २०१६ च्या सुमारास येणारी ही मुलं निम्मी निकॉन, निम्मी कॅननवाली असत. २०२१ मध्ये जवळपास सगळ्यांच्या पिशवीत सोनी होता.

ते का झालं, तर ए७ थ्री वेळेवर आणि परवडेल अशा भावात आला, आणि सोनीनं ई माउंट टॅमरॉन, सिग्मासारख्यांना मोकळा ठेवला. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ ही लेन्स २०१८ मध्ये आली आणि लग्नवाल्यांची रोजची लेन्स झाली, कारण सोनीच्या स्वतःच्या २४-७० च्या मानानं ती हलकी आणि बरीच स्वस्त होती. कॅननचा आर६ कॅमेरा म्हणून उत्तम, पण २०२० मध्ये तो २,१५,९९५ ला आला, आणि आरएफ माउंटवर बाहेरच्या लेन्सना कॅननचा दरवाजा बंद होता. रोजावर काम करणारा मुलगा ईएमआय बघतो. भाड्यानं देणारेही तेच ठेवतात जे जास्त उचललं जातं. मग नवा मुलगा तेच घेतो जे भाड्यानं सहज मिळतं. एकदा हे चक्र फिरू लागलं की कोणाचा कॅमेरा दोन टक्के सरस आहे याला अर्थ उरत नाही.

स्टुडिओला याचा चटका दोन ठिकाणी बसला. पहिला, लग्नाच्या हॉलमध्ये. घरची लेन्स बाहेरच्याच्या बॉडीवर बसत नाही, बाहेरच्याची बॅटरी घरच्या कॅमेऱ्यात जात नाही. एखादी बॉडी अडली तर पाच माणसं असूनही कोणाचं काही कोणाच्या कामाचं नाही.

दुसरा चटका वहीत दिसला, आणि तो मला आधी कळलाच नव्हता. एडिटिंगचं काम डोंबिवलीची एक ताई घरून करते, एका लग्नाचे ठरलेले पैसे घेऊन. २०२० च्या आधी तिच्या बिलात ‘कलर’ असा वेगळा कॉलम नव्हता. नंतर तो आला. कारण विचारल्यावर तिनं दोन कॅमेऱ्यांच्या एकाच क्षणाच्या फायली मला फोनवर पाठवल्या. निकॉनच्या फाइलमध्ये हळद पिवळीधम्मक, सोनीच्या फाइलमध्ये तीच हळद किंचित हिरवट आणि चेहरा जरा फिका. शालूचा हिरवा दोन्हीत वेगळा. अल्बमच्या समोरासमोरच्या पानांवर हे चालत नाही. ‘एकाच कंपनीचं असेल तर एका फोटोवर रंग लावून सगळ्यांवर टाकते. दोन असतील तर प्रत्येक विधी दोनदा.’ तिचं म्हणणं वाजवी होतं. सीझनभरात या कॉलमची बेरीज केली तेव्हा ती एका चांगल्या लेन्सच्या किमतीच्या जवळ गेली. वडिलांना डोळ्यावरचा फोकस पटला नव्हता, हा कॉलम पटला.

पर्याय मांडले तेव्हा

पहिला पर्याय वडिलांचा, निकॉन डी७८०. जानेवारी २०२० मध्ये आलेला, डी७५० चा थेट वारस. गंमत अशी की हा आतून अर्धा मिररलेस आहे. आरसा वर करून लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, वापरला की झेड६ सारखा सेन्सरवर फोकस करतो, व्हिडिओही तसाच चांगला. लेन्स सगळ्या चालतात. डीएसएलआर तंत्र म्हणून यापुढे गेलं असतं तर इथून गेलं असतं, असं मला वाटतं. पण ते गेलं नाही. निकॉननं यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये डी६ आणला आणि मग नवा डीएसएलआर आलाच नाही. २०२१ च्या दिवाळीत हे कोणी जाहीर केलेलं नव्हतं, तरी मुलगा म्हणाला, ‘बाबा, पाच वर्षांनी हा विकायला काढला तर घेणार कोण?’

दुसरा पर्याय मधला, झेड६ टू आणि एफटीझेड अॅडॉप्टर. बॉडी १,६४,९९५. पहिल्या झेड६ मध्ये एकच कार्ड स्लॉट होता, म्हणून लग्नवाल्यांनी त्याला हात लावला नव्हता. कार्ड मेलं तर लग्न परत लावता येत नाही. झेड६ टूमध्ये दोन स्लॉट आले. हा पर्याय कागदावर सगळ्यांत शहाणा दिसत होता, कारण ‘लेन्स आहेतच’. मग आम्ही कपाट उघडून लेन्स खरंच मोजल्या.

कपाटात दोन प्रकार निघाले. २४-७० एफ २.८ जी ही स्वतःची मोटर असलेली, ती अॅडॉप्टरवर व्यवस्थित चालते. पण वडिलांची लाडकी ८०-२००, ५० आणि ८५ या तिन्ही जुन्या ‘डी’ लेन्स. त्यांच्यात मोटर नसते, बॉडीतला स्क्रू फिरून फोकस होतो. डी७५० मध्ये तो स्क्रू आहे. एफटीझेडमध्ये नाही. म्हणजे अॅडॉप्टर लावताच चारपैकी तीन लेन्सचा ऑटोफोकस बंद. लेन्स वाचवायच्या म्हणून घेतलेल्या बॉडीनं वाचणार होती एकच लेन्स, आणि तिच्यातही टॉर्च मारल्यावर कडेला फंगसचे दोन बारीक तंतू दिसले. ठाण्याच्या पावसाळ्यात ड्राय कॅबिनेटशिवाय ठेवलेल्या लेन्सचं हे ठरलेलंच.

तिसरा पर्याय मुलाचा, सोनीवर पूर्ण उडी. दोन बॉडी आणि सगळ्या लेन्स नव्यानं. खर्च सगळ्यात मोठा, कारण लेन्सचा आकडा बॉडींच्या आकड्याला भिडत होता. वर ऑक्टोबर २०२१ मध्ये ए७ फोर जाहीर झालेला, त्यामुळे ए७ थ्री आत्ता घ्यावा की थांबावं हा नवा घोळ.

माझ्या बाजूनं मी दोनच गोष्टी घातल्या. एक, कराची. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. १,६४,९९५ च्या बॉडीत सुमारे २५ हजार कर आहे, आणि स्टुडिओ जीएसटीत नोंदलेला असल्यामुळे पक्क्या बिलावर तो क्रेडिटमध्ये येतो, म्हणजे त्यांना भरायच्या करातून वजा होतो. बिलाशिवाय दहा हजार स्वस्त मिळणारा माल त्यांच्यासाठी महाग होता. मुंबईत बोरा बाजारात फिरून भाव काढण्याची वडिलांची जुनी सवय, त्यांना हे गणित आवडलं नाही, पण पटलं.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. आयकराच्या हिशेबात कॅमेरा वर्षाला १५ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे पाच वर्षांनी वहीत किमतीच्या ४४ टक्के शिल्लक दिसतात. बाजारात पाच वर्षं वापरलेल्या डीएसएलआर बॉडीला तेवढे मिळतील असं मानणारा त्या दिवशी खोलीत एकच माणूस होता, आणि तो आपला कॅमेरा विकायला तयार नव्हता.

काय केलं

त्या सीझनला त्यांनी काहीच विकत घेतलं नाही. मुलानं सुचवलं, आणि मला अजूनही वाटतं की या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. मुहूर्तापुरत्या दोन ए७ थ्री भाड्यानं उचलायच्या, लेन्ससकट, आणि बाप-लेकांनी दोघांनी वापरून बघायच्या. भाड्याचे पैसे वाया गेले असं वडील म्हणत राहिले. पण डिसेंबरच्या शेवटी ओमायक्रॉनमुळे राज्यात लग्नाला पुन्हा पन्नास माणसांची मर्यादा आली, जानेवारीच्या ऑर्डरी पुढे ढकलल्या गेल्या किंवा अर्ध्यावर आल्या. तेव्हा दोन नव्या बॉडींचा ईएमआय डोक्यावर नव्हता, एवढं पुरे होतं.

जानेवारी २०२२ मध्ये ए७ फोर भारतात दोन लाख बेचाळीस हजारांच्या घरात आला. एवढी किंमत पाहून दोघांनी तो विषय बंद केला. एप्रिल-मेच्या मुहूर्तांचं आगाऊ हातात आल्यावर पक्क्या बिलावर दोन ए७ थ्री, टॅमरॉनची २८-७५ आणि एक ८५ घेतली. लांब झूम भाड्यानंच आणायची ठरलं.

जुन्यापैकी दीड लाख पार केलेली बॉडी आणि फंगसवाली २४-७० विकायला काढली. लेन्स पाहायला आलेल्या मुलानं मोबाइलचा टॉर्च मागून मारला, दोन तंतू पाहिले, काही न बोलता भाव पाडला. बॉडीचं घोडं मात्र जुलैपर्यंत अडलं, कारण वडिलांना भाव पसंत नव्हता. जुलै २०२२ मध्ये जपानच्या निक्केईनं बातमी दिली की निकॉन डीएसएलआरचा विकास थांबवणार. निकॉननं ती बातमी म्हणजे तर्क आहे, आपण असं काही जाहीर केलेलं नाही, असा खुलासा केला. खुलासा कोणी वाचला नाही. बघायला येणारा प्रत्येक जण ती बातमी फोनवर उघडूनच येत होता. कॅननच्या प्रमुखांनी तर १डीएक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा अव्वल डीएसएलआर असेल असं आधीच, २०२१ च्या अखेरीस सांगून टाकलं होतं. अखेर बॉडी गेली ती मेमधल्या भावाच्याही बऱ्याच खाली.

नवं घेतल्यावर

सुरळीत काहीच होत नसतं. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा असतो, पुढे आरसा नाही. कॅननच्या ईओएस आर, आर६ सारख्या कॅमेऱ्यांत कॅमेरा बंद केला की शटर खाली येतं, ए७ थ्रीमध्ये तसं होत नाही. पहिल्याच मोठ्या हळदीला घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर मुलानं वाऱ्यात लेन्स बदलली. रात्री एफ ११ वर काढलेल्या आकाशात पिवळसर ठिपके. तेव्हापासून हळदीला दोन बॉडी, दोन लेन्स, बदलाबदली नाही, असा दंडक आहे. हळदीसाठी दुसरी बॉडी हवीच हे आधी कोणाच्याच हिशेबात नव्हतं.

सायलेंट शटरचं कौतुकही लवकर ओसरलं. एलईडी वॉलसमोर इलेक्ट्रॉनिक शटर ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्यात दिवा लुकलुकून जातो. मंगलाष्टकांच्या गोंगाटात शांत शटर हवंय कोणाला? उपयोग झाला तो दुसरीकडेच. गडकरी रंगायतनमध्ये नाटकाचे फोटो काढताना पूर्वी विंगेत उभं राहून टाळ्यांची किंवा हशाची वाट बघत क्लिक करावं लागे. आता शांत प्रसंगातला चेहराही घेता येतो, फक्त तिथे कुठले दिवे आहेत ते आधी तपासून.

एडिटिंगच्या बिलातला कलरचा कॉलम पुढच्या सीझनपासून जवळपास नाहीसा झाला. वडिलांना इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आजही आवडत नाही. टीव्हीत बघितल्यासारखं वाटतं म्हणतात. त्यांनी उरलेली डी७५० आणि ती ८०-२०० ठेवून घेतली आहे आणि स्टेजवरचं ट्रॅडिशनल काम तेच करतात, फ्लॅश लावून. रंगाचा प्रश्न तिथे येत नाही, कारण ट्रॅडिशनल अल्बम वेगळा असतो.

हेच प्रकरण नवी मुंबईत पक्षी टिपणाऱ्याकडे गेलं असतं तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. नेरूळ, ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगोच्या दिवसांत सकाळी अजून निकॉनचा डीएसएलआर डी५०० आणि २००-५०० लेन्सची जोडी हमखास दिसते. ती लेन्स मोटरवाली, त्यामुळे एफटीझेडवरही चालते, आणि तो माणूस एकटाच असतो. त्याला ना कोणाशी बॅटरी वाटून घ्यायची असते ना रंग जुळवायचे असतात. उघड्यावर, भरपूर उजेडात, आकाशासमोर उडणाऱ्या पक्ष्याला चांगला डीएसएलआर आजही कमी पडत नाही. घाई त्याला नाही.

घाई आहे ती रोजावर येणाऱ्या नव्या मुलांना. जुन्या डीएसएलआरचे भाव पडल्यामुळे दिवा, बदलापूरकडची मुलं आता पहिली बॉडी म्हणून सेकंडहँड डी७५० किंवा कॅननचा ६डी घेतात. शिकायला त्याहून चांगला कॅमेरा त्या पैशात मिळणार नाही, असं वडील प्रत्येकाला सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण मुलगा सीझनच्या आधी व्हॉट्सअॅपवर माणसं ठरवतो, तेव्हा रोज किती हे विचारायच्या आधी ‘बॉडी कुठली?’ असं विचारतो. उत्तर डीएसएलआर आलं तर त्या मुलाला ट्रॅडिशनलचं काम मिळतं आणि कॅन्डिडवाल्यापेक्षा कमी रोज. या वर्षी त्यातल्या एकानं सीझनभराचा रोज एका ए७ थ्रीच्या भाड्यात घातला, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला कॅन्डिडला बोलावतील.